प्रार्थनेला बसले की शब्दच सुचत नाहीत, काय करू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी मागच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग असते, तिथे सगळे एकेक करून मोठ्याने प्रार्थना करतात, अगदी लहान मुलंसुद्धा, आणि माझी पाळी जवळ आली की छातीत धडधडायला लागतं. घरी एकटी बसले तरी लगेच डोक्यात उद्याचा डबा, मुलीची फी हेच सुरू होतं. सासूबाई आजारी आहेत, त्यांच्यासाठी रोज मागते पण फरक नाही, मंडळीतल्या एक जणी म्हणाल्या तुझा विश्वास कमी पडतोय. प्रार्थना शिकायची कशी?
एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, सगळ्यात आधी मनातून लाज काढून टाका. येशूचे शिष्य लहानपणापासून स्तोत्रं ऐकत वाढलेले यहुदी, तरी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात त्यांच्यातलाच एक जण येशूला म्हणतो की आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, आणि येशू काय करतो तर आधी सरळ शब्दच हातात देतो, असं म्हणा म्हणून. म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या शब्दांनी सुरुवात करणं यात कमीपणा काहीच नाही, उलट मला तर तोच खरा रस्ता वाटतो.

येशूने दिलेले ते शब्द म्हणजेच प्रभूची प्रार्थना, ती तुम्हाला पाठ असेलच, पण ती आपण उपासनेत एका दमात म्हणून टाकतो. घरी एकेक ओळ म्हणा आणि थांबा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हटलं की तिथेच तो डबा आणि मुलीची फी बोलून टाका, त्यांना डोक्यातून हाकलत बसू नका, कारण ज्याची काळजी वाटतेय तेच तर देवाला सांगायचंय ना. पुढची ओळ ऋण सोडण्याची, म्हणजे अपराध माफ करण्याची, जसं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं. इथे कदाचित त्या विश्वास कमी म्हणणाऱ्या बाईंचा चेहरा समोर येईल आणि ओळ घशात अडकेल. अडकू दे. माफ करता येत नाहीये हेसुद्धा तसंच सांगा, तीही प्रार्थनाच आहे. एखाद्या दिवशी त्या एका ओळीच्या पुढे गेला नाहीत तरी चालेल.

मग बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक उघडा. 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी चक्क तक्रारीची आहेत. 13वं बघा, फक्त सहा वचनं, सुरुवातच अशी की देवा अजून किती दिवस मला विसरणार आहेस. देवाशी इतकं स्पष्ट बोललेलं चालतं हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे येशूचे शब्द 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, अगदी शेवटच्या घटकेला त्याने जुनेच शब्द घेतले. स्तोत्रं जड वाटली तर रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आहेतच, 1895 ला बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-ओवीच्या वळणाची गीतं लिहिली, ती पोळ्या लाटताना गुणगुणली तरी प्रार्थना होते. गुडघे टेकायचे की खुर्चीत बसायचं, याचा फार विचार करू नका.

आता सासूबाईंचं. विश्वास कमी पडला म्हणून आजार जात नाही हे बोलणं मला अजिबात मान्य नाही, आजारी माणसाच्या घरात असं बोलणं क्रूर आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून मागितलं, आणि मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो की तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, तरी प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तुम्ही बरं कर म्हणून रोज मागा, तेच तेच मागा, औषधपाणी चालू ठेवा, आणि जमलं तर त्यांच्या पलंगाशी बसून त्यांचा हात धरून 23वं स्तोत्र मोठ्याने वाचा, कदाचित त्याही सोबत म्हणतील.

कॉटेज मीटिंगचं म्हणाल तर लांबलचक बोलायची सक्ती कुठेच नाही. येशूच्या दाखल्यातला तो जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो कर गोळा करणारा, मंदिरात लांब उभा राहून एवढंच म्हणाला की ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. मीटिंग चालवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की मी फक्त एक स्तोत्र वाचीन. वाचून झालं की सासूबाईंचं नाव घ्या आणि आमेन म्हणा.