बाबा जेवायला बसले की डोकं का फिरतं?

"मॅडम, पोरगी बापाबरोबर जेवायलाच बसत नाही. ताट घेऊन बेडरूममधे जाते नि दार लावून घेते, काय बिघडवलंय आम्ही तिचं?" आईचा हा प्रश्न. असे लोक माझ्याकडे बरेच येतात, कुणाला नवऱ्याचा चहाचा भुरका सहन होत नाही, कुणाला ऑफिसात शेजारच्याचं पेन टकटक करणं, आणि सगळ्यांना विचारायचं असतं ते एकच, एवढ्याशा आवाजाने एवढी सणक जाते म्हणजे मी वेडी होत चाललेय का. म्हणून ही केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी बारावी झालेली, सीए फाउंडेशनचा अभ्यास चालू, घर वन बीएचके म्हणजे पळून जायला जागा नाही. वडील सोलापूरकडचे. ताटात भाकरी कुस्करायची, वर आमटी ओतायची, कांदा बुक्कीने फोडायचा आणि मग भुरके. मला विचाराल तर जेवायची हीच पद्धत, त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. मुलीलाही ते कळत होतं, म्हणून तर रडत होती. "बाबा माझ्या क्लासच्या फीसाठी ओव्हरटाइम करतात हो, पण पहिला भुरका ऐकला की माझा जबडा आवळतो, अंगातून गरम वाफ गेल्यासारखं होतं, वाटतं ताट भिरकावून द्यावं. मग आत जाऊन स्वतःचीच लाज वाटते."

मी विचारलं, आधी काय होतं, 'बाबा मुद्दाम करतात' असा विचार येतो की आधी जबडा आवळतो? ती थोडी थांबून म्हणाली, "जबडा. विचार मागून येतो."

हेच मला आईवडिलांना समजावून सांगायचं होतं. पुढच्या वेळी दोघांना बसवलं. वडील हाताची घडी घालून, चेहऱ्यावर 'हे सगळं मोबाईलमुळे'. त्यांना म्हटलं, अचानक सुतळी बॉम्ब फुटला तर तुम्ही ठरवून दचकता का? डोळे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मिटलेले असतात, फटाका की गाडीचा टायर ते नंतर कळतं. शरीर आधी, डोकं मागून. काही माणसांच्या मेंदूत ठरावीक बारीक आवाजांनाही, खाण्याचे, नाक ओढण्याचे, अशीच धोक्याची घंटा जोडली जाते, फक्त भीतीच्या जागी चीड उसळते. याला मिसोफोनिया म्हणतात, हे नाव 2001 मधे जास्ट्रेबॉफ नवराबायकोने दिलं, ते कानात सतत आवाज येणाऱ्या लोकांवर काम करायचे. 2017 मधे इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या टीमने अशा लोकांचे मेंदूचे स्कॅन केले, तर त्रासाचा आवाज ऐकताना कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवणारा भाग फार जास्त पेटत होता, हृदयाचे ठोके वाढत होते, तळहाताला घाम येत होता. "म्हणजे नाटक नाही?" वडिलांनी विचारलं. नाही. घाम नाटकाने येत नाही.

आईचा प्रश्न बरोबर होता, मग कॉलेजच्या कँटीनमधे कशी बसते? तर बहुतेकांना घरच्यांचाच आवाज जास्त टोचतो, रोज तोच माणूस, तीच वेळ, उठून जायची सोय नाही, आणि शरीर भुरक्याच्या आधीच, ताट वाढताना, ताणलेलं असतं. सुरुवातही बऱ्याचदा वयात येण्याच्या आसपास होते, म्हणून घरचे त्याला उर्मटपणा समजतात.

मग वडिलांनी काय करावं, भाकरीच सोडली! पोळी भाजी खायला लागले, गपचूप, घास तोंडात धरून. मी ते बंद करायला लावलं, कारण सगळं घर दबकून वागायला लागलं की पोरीचा अपराधीपणा वाढतो आणि कान अजूनच टवकारतात. तिचे हेडफोनही कमी केले, ते दिवसभर घातले की शांततेची सवय होते आणि साधा आवाजही अंगावर येतो. त्याऐवजी जेवताना पंखा फुल, रेडिओ चालू, आणि अगदीच असह्य झालं तर "पाणी आणते" म्हणून उठायचं, कुणी काही विचारायचं नाही.

सेशनमधे तिला डोळे मिटायला सांगून एक रेकॉर्डिंग ऐकवलं, म्हटलं कुणीतरी वाळक्या पानांवरून चालतंय. ती आरामात बसली होती. मग सांगितलं की हे कुरमुरे खाणं आहे, तशी खांदे वर. आवाज तोच! ती स्वतःच हसली.

सगळ्यात उपयोगी पडली ती तिने स्वतः शोधलेली युक्ती. बाबांनी कांदा तोंडात टाकला की हीपण पापड मोडते, आपला कुरकुर आवाज त्यांच्या आवाजावर. असं बरेच जण आपसूक करतात, त्याने धार कमी होते.

ज्यांना कुठलाही मोठा आवाज कानात दुखतो त्यांनी मात्र आधी कानाच्या डॉक्टरकडे जावं, तो प्रकार वेगळा. आणि रागात हात उचलला जात असेल तर सायकियाट्रिस्टला भेटा, थांबू नका.

'हे पूर्ण जाईल का' असं आईने विचारलं, त्यावर मी हो म्हटलं नाही. रात्रीची भाकरी आता तिघं एकत्र खातात, कलिंगड कापलं की मात्र ती आपली फोड घेऊन गॅलरीत जाते, आणि वडील दार लोटून घेतात.