सॉल्झबरीचा सुळका आणि वाकलेले खांब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथेड्रलचा सुळका 123 मीटर उंच आणि पाया म्हणे जेमतेम सव्वा मीटर खोल. मग तो उभा कसा?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. गोम अशी, की पाया घातला तेव्हा हा सुळका हिशेबातच नव्हता. 1220 मध्ये काम सुरू झालं आणि 1258 मध्ये मुख्य इमारत पवित्र करण्यात आली. तेव्हा मधल्या चौकावर, म्हणजे इमारतीचे उभे-आडवे भाग एकमेकांना छेदतात तिथं, फक्त बुटका मनोरा होता. पुढे 14 व्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावर मजले चढवले आणि वर दगडी सुळका उभारला. जवळपास साडेसहा हजार टनांचं हे नवं ओझं चार जुन्या खांबांवर आलं.

इमारत तारली ती जमिनीनं. खाली नदीकाठच्या खडीचा जाड थर आहे, तोही पाण्यानं भरलेला. अशी घट्ट बसलेली खडी सहसा दबत नाही. पाणी फार खाली गेलं तर मात्र ती खचण्याची भीती. म्हणून तिथं फरशीतलं झाकण उचलून आत काठी सोडतात आणि ती कुठवर भिजली ते पाहतात. साडेसहा हजार टनांचा पहारा एका काठीवर!

विंचेस्टर कॅथेड्रलखाली मात्र पीट आहे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी माती. तिथल्या भिंती खचल्या. पाणी उपसून पाया दुरुस्त करावा, तर उपशाबरोबर माती सरकून भिंतच खाली येणार. म्हणून 1906 ते 1911 या काळात विल्यम वॉकर हा पाणबुड्या गढूळ पाण्यात, निव्वळ हातानं चाचपडत भिंतींखाली काँक्रीटची पोती रचत होता. तळ असा पक्का झाल्यावरच पाणी उपसून वरचं बांधकाम करता आलं. अख्ख्या दुरुस्तीत 25,800 पोती काँक्रीट, 1,14,900 काँक्रीटचे ठोकळे आणि 9 लाख विटा लागल्या.

प्रश्न : सॉल्झबरीत मधले खांब वाकलेले दिसतात. हा नजरेचा खेळ की खरंच वाकलेत?

खरंच वाकलेत. चौकातल्या एखाद्या खांबाच्या बुंध्याशी उभं राहून सरळ वर पाहा, दगडाची रेघ मध्ये फुगलेली सहज कळते. चारी बाजूंच्या कमानी खांबांना आत, चौकाकडे ढकलतात. वरचं वजन वाढलं तशी ही रेटारेटीही वाढली. मग मनोऱ्याला लोखंडी पट्टे आवळले, बाहेरून टेकू-कमानी दिल्या, आणि 15 व्या शतकात चौकाच्या दोन बाजूंना खांबाखांबांमध्ये आडव्या आधार-कमानी घातल्या. इंग्लंडमधल्याच वेल्स गावच्या कॅथेड्रलमधल्या 1338 नंतरच्या प्रसिद्ध कात्री-कमानींचं कामही हेच : खांबांना एकमेकांपासून दूर ठेवायचं.

1668 मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेननं पाहणी केली, तेव्हा सुळक्याचं टोक ओळंब्यापासून सुमारे पाऊण मीटर ढळलेलं निघालं. नंतरच्या मोजण्यांत ते फारसं वाढलेलं नाही.

सुळका स्वतः मात्र हलका ठेवला आहे. तळाशी सुमारे 60 सेंटिमीटर जाड असलेली भिंत सहा-एक मीटरनंतर वीसबावीस सेंटिमीटरवर येते. आतून पोकळ. बांधताना उभारलेली लाकडी परांची तशीच आत ठेवली आहे, आणि दगड वर ओढायचा लाकडी रहाटही मनोऱ्यात आहे.

प्रश्न : तिथल्या काळसर चकचकीत खांबांना ‘पर्बेक मार्बल’ म्हणतात. हा संगमरवर कुठला?

नावापुरताच संगमरवर. हा गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांनी खच्चून भरलेला चुनखडीचा दगड; जवळून पाहिलं तर शंखांची वर्तुळं दिसतात. घोटला की काळसर चमकतो, एवढ्यावरून नाव पडलं. खाणीत याचे थर पातळ. लांब, सडपातळ खांब हवा तर दगड आडवा कापून उभा करावा लागतो, म्हणजे त्याचे थर उभे येतात. पुस्तक आडवं ठेवलं तर वजन पेलतं, उभं ठेवून वरून दाबलं तर पानं फाकतात, इथंही तसंच. म्हणून मोठ्या खांबांभोवतीच्या या बारीक काठ्या मुख्यतः शोभेच्या मानाव्यात. भिंतींचा फिकट दगड वेगळा, तो पश्चिमेकडच्या चिलमार्कच्या खाणींमधला.

प्रश्न : तिथल्या जुन्या घड्याळाला तबकडी का नाही?

कारण ते वेळ दाखवायला केलेलंच नाही, फक्त तासाला घंटा वाजवायला आहे. ते 1386 च्या सुमाराचं मानतात. मध्यंतरी त्याला लंबक बसवला होता. 1956 च्या दुरुस्तीत तो काढून जुन्या पद्धतीची डुलती दांडी पुन्हा लावली.

प्रश्न : मनोऱ्यावर चढता येतं का?

येतं, पण वाटाड्यासोबतच, आणि जागा आधी राखून. 332 पायऱ्या आहेत, शेवटच्या अरुंद आणि वळणाच्या. त्या तुम्हाला सुळक्याच्या पायथ्याशी, सुमारे 68 मीटरवर नेतात. तिथून मान वर केली की ती परांची दिसते.