गरोदरपणातला ताप आणि बाळाचा मेंदू

पावसाळ्यानंतर सिंधुदुर्गातल्या आया मला हमखास विचारतात, "पोटुशी असताना ताप आला होता, बाळाच्या मेंदूला काही झालं नसेल ना?" चिखलातली लावणी, मलेरिया, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा संसर्ग); तापाला इथे निमित्त लागत नाही.

कुडाळकडच्या एका आईचा मुलगा दोन वर्षांचा होऊनही जेमतेम चार शब्द बोलायचा. सहाव्या महिन्यात तिला ताप आला होता. सासूचं पालुपद ठरलेलं, "लावणीक कित्याक गेलंस?" त्यात आईच्या संसर्गामुळे बाळाच्या मेंदूतल्या प्रतिकारपेशी बिथरतात, असं तिने मोबाईलवर वाचलेलं. "मॅडम, माझ्या तापानच ह्या झाला," म्हणायची आणि पोराकडे बघणं टाळायची.

"तसं काही नसतं" असं मी म्हटलं नाही. खोट्या धीराने अपराधीपणा जात नाही, या मतावर मी ठाम आहे. म्हणून तिला पूर्ण गोष्ट सांगितली. मायक्रोग्लिया नावाच्या या पेशी गर्भ अगदी कोवळा असतानाच मेंदूत वस्तीला येतात. जंतूंशी लढण्याखेरीज मेंदू घडवण्याचं कामही त्या करतात. मेलेल्या पेशी उचलतात, चेतापेशींमधल्या जादा जोडण्या काढतात, कलमाची छाटणी करावी तशा. कमी वापरातल्या जोडण्या त्या जास्त गिळतात, हे 2012 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. गरोदरपणातल्या गंभीर संसर्गाने बाळाच्या मेंदूच्या वाढीत अडचणी येण्याचा धोका थोडा वाढतो, हे खरं. पण अशा बहुतेक आयांची मुलं व्यवस्थित वाढतात. एका मुलाकडे बोट दाखवून 'हे तापामुळेच' असं कुणी सांगू शकत नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही छाटणी जन्मल्यावर थांबता?"

"नाही. पार वयात येईपर्यंत चालते."

"म्हंजे काम अजून चालू आसा?"

आणि तिने मुलाला मांडीवर ओढलं. त्या क्षणाचं समाधान मला आजही आहे. 'तुझा दोष नाही' हे कितीही पटवलं तरी आई जागची हलत नाही; आज करण्याजोगं काही हाती आलं की हलते.

आधी कान तपासायला पाठवलं. पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं, उपचार झाले. टीव्ही बंद करून मासे साफ करताना मुलाशी गजाली, म्हणजे गप्पा, सुरू झाल्या: "ह्यो बांगडो, ही तारली." सासूलाही बोलावून तिच्याकडे संध्याकाळची गाणी सोपवली. काही महिन्यांत पोरगा दोन-दोन शब्द जोडू लागला.

दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते, अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. आणि गरोदर बाईला ताप आला तर काढ्यावर दिवस न काढता त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्या.