कळ थांबली, पण पाय बधिर झाला

"आता कळ न्हाई बघा, निसता पाय बधिर हाय. मग दवाखाना कशाला?" कंबरेत शीर दबलेली माणसं समुपदेशनात हा प्रश्न हमखास विचारतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या पन्नाशीच्या एका बाईंनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

भाताच्या रोपलागणीत वाकून वाकून कंबरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी आणि मालिश यावर दोन वर्षं निभावली. मग कळ ओसरली आणि घरच्यांना हायसं वाटलं. सून मात्र म्हणाली, "आत्तींच्या पायातली चप्पल वाटंत पडती, त्यास्नी कळत बी न्हाई."

खरी धोक्याची गोष्ट हीच होती. मणक्यांमधली गादी सरकून शीर फार काळ दबली की तिच्यातून संवेदना जाणंच कमी होतं, म्हणून कळही कमी वाटते. पायातली ताकद शाबूत असेल तर कळ ओसरणं चांगलं. पाय बधिर होत, लुळा पडत कळ थांबली तर शीर खराब होते आहे असं समजावं.

बाईंना भिंतीचा आधार देऊन टाचांवर दहा पावलं चालायला सांगितलं. डावा चवडा उचलेचना. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली की बहुधा असं होतं. त्याच्या खालची गादी असेल तर चवड्यांवर उभं राहणं जमत नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण ही खूण दिसल्यावर आठवडाभरही थांबू नये.

बाईंना शुगरही होती, त्यामुळे "शुगरनं मुंग्या येत्यात" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. शुगरचा बधिरपणा बहुधा दोन्ही तळव्यांना सारखाच येतो. एकच पाय, तोही कंबरेपासून, म्हटल्यावर मणका तपासायलाच हवा. शिवाय शुगर असताना वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडं बिघडू शकतात, पोटात अल्सर होऊ शकतो.

खरी अडचण भीतीची होती: "आपरेशन केलं की माणूस अंथरुणालाच खिळतंय." गादी सरकलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, 6 ते 12 आठवड्यांत औषध-व्यायामानं उतार पडतो. हे ठाऊक नसल्यानं साध्या उपचारानं बरी होणारी माणसंही दवाखाना टाळतात. पैशाचं म्हणाल तर बीपीएल कार्डावर आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी सहसा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी लागतं, म्हणून सुरुवात सिव्हिलपासून करायला सांगितली.

एमआरआय झाला. ताकद कमीच होत चालल्यामुळे ऑपरेशन करावं लागलं. आता टाच टेकवून नीट चालता येतं, पण अंगठा अजून पूर्ण उचलत नाही. शीर फार सावकाश भरून येते, आणि उशीर झाला असेल तर काही कसर कायमची राहते.

सुनेला मात्र एक गोष्ट बाजूला घेऊन सांगितली होती, कारण पुरुषांसमोर बायका ती बोलत नाहीत. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावर ताबा राहिला नाही, बसायची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. वडापची (प्रवासी जीपची) वाट न बघता 108 ला फोन करायचा आणि एमआरआय व मणक्याचे सर्जन असलेल्या दवाखान्यात त्याच रात्री पोचायचं.