फेंगशुईची सुरुवात करताय? आधी खिडक्यांकडे बघा

पहिल्या महिन्यात काहीही विकत आणू नका. स्फटिक, विंडचाइम, तीन पायांचा बेडूक, हे सगळं नंतर. सुरुवात खिडक्यांपासून करा, कारण फेंगशुईनुसार मुख्य दारानंतर 'ची' म्हणजे प्राणऊर्जा तिथूनच ये-जा करते.

काचा आतून-बाहेरून पुसा. अडकणारी झडप, गंजलेली बिजागरी, तडकलेली काच दुरुस्त करा. खिडकी पूर्ण उघडली पाहिजे. कट्ट्यावर सामान रचू नका.

मग पलंग. इथे मात्र सावकाश विचार करा, सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. डोकं भरीव भिंतीकडे हवं. पडल्या पडल्या दार दिसावं, पण पाय थेट दाराच्या रेषेत नकोत. खिडकीखालीच पलंग लावावा लागत असेल, तर उंच, भरीव हेडबोर्ड बसवा आणि रात्री जाड पडदा ओढा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मुख्य दारासमोर खिडकी असली की 'ची' सरळ निघून जाते, म्हणून खिडकी कायमची बंद करून टाकतात. त्यापेक्षा मध्ये गोल टेबल किंवा उंच झाड ठेवा, नाहीतर झिरझिरीत पडदा लावा.
- बागुआ आरसा, म्हणजे अष्टकोनी चौकटीतला आरसा, घरात टांगतात. तो फक्त घराबाहेर लावायचा असतो.
- दोन पंथांची सरमिसळ करतात. एकात बागुआ नकाशा, म्हणजे घराचे पैसा, नाती, आरोग्य असे भाग पाडणारा आराखडा, दाराच्या भिंतीपासून मांडतात, दुसऱ्यात होकायंत्राच्या दिशांनी. एकच निवडा आणि त्यालाच धरून राहा.

फ्लाइंग स्टारची, म्हणजे काळ आणि दिशांवरून घराची पत्रिका मांडण्याची, आकडेमोड सध्या बाजूलाच राहू द्या. त्याऐवजी कामाचं टेबल तपासा: बसल्यावर खिडकी पाठीशी येत असेल, तर टेबल असं फिरवा की ती डाव्या किंवा उजव्या हाताला येईल.