निंटेंडो स्विचवरचा फिफा १९ ऑनलाइन खेळण्यासाठी घ्यावा का?

आपण धुळ्याला राहता, जुना स्विच (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचे निंटेंडोचे यंत्र) आणि त्यासोबत फिफा १९ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचे कार्ट्रिज स्वस्तात मिळत आहे, आणि मुंबईच्या मित्रांशी ऑनलाइन सामने खेळण्यासाठी ते घ्यावे की नाही, असा आपला प्रश्न आहे. तेवढ्याचेच उत्तर हवे असेल तर घेऊ नका. ऑनलाइन हा या खेळाचा सर्वांत लंगडा भाग आहे आणि त्याच्या लंगडेपणाचे खापर आमच्या नातेवाइकांत आजही माझ्या डोक्यावर फुटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खेळावर मात्र अन्याय होऊ नये. स्विचवर फिफा प्रथम सप्टेंबर २०१७ मध्ये फिफा १८ च्या रूपाने आला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरच्या आवृत्तीचे फ्रॉस्टबाइट इंजिन, म्हणजे खेळाची चित्रे आणि हालचाली चालवणारी मूळ प्रणाली, त्यात नव्हते आणि ‘द जर्नी’ हा कथेचा भागही नव्हता, त्यामुळे जाणकार म्हणवणाऱ्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सावत्र ठरवले. त्या मंडळींनी तो हातात धरून खेळला होता की नाही, याची मला शंका आहे. हातातल्या पडद्यावर ७२० पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने चालते, पास दिल्याबरोबर पास जातो, आणि इंजिन कोणते आहे हा विचार पाच मिनिटांत मागे पडतो. फिफा १९ मध्ये चॅम्पियन्स लीगही आली. एकाच यंत्राचे दोन जॉय-कॉन, म्हणजे दोन्ही बाजूंचे छोटे कंट्रोलर, सुटे करून दोघांना खेळता येते; आडव्या धरलेल्या एका जॉय-कॉनवर दुसरी स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) नसल्यामुळे कसरतीचे डाव करता येत नाहीत, पण त्यामुळे नवशिक्या आणि मुरलेला खेळाडू बऱ्यापैकी एका पातळीवर येतात, आणि हे मला चांगलेच वाटते. दोन स्विच असतील तर इंटरनेटशिवाय, नुसत्या जवळच्या वायरलेसवर ते एकमेकांना जोडता येतात. दोघांनी मिळून पाच-पाच सामन्यांची मालिका खेळण्याचा ‘लोकल सीझन्स’ हा प्रकार तर फिफा १८ पासून खास स्विचसाठीच दिलेला आहे.

आमचे घर भुसावळला आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की रात्रीची जेवणे उरकून सगळे गच्चीवर येतात, आणि वीज जाण्याची वेळ बहुधा तीच असते. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांचा त्या वेळी काहीही उपयोग नसतो. पहिल्या स्विचची बॅटरी खेळानुसार अडीच ते साडेसहा तास चालते, असे कंपनीच सांगते. अंधाऱ्या गच्चीवर दोन भाच्यांची मालिका निकाली निघायला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

नेमका हाच गुण माझ्या विरोधात पुरावा म्हणून वापरला गेला.

माझा मावसभाऊ पुण्याला असतो. तो वयाने मोठा असल्यामुळे मी त्याला दादा म्हणतो आणि सर्वांसमोर उलट बोलत नाही. फिफा १८ मध्ये ओळखीच्या माणसालाच निवडून त्याच्याशी ऑनलाइन खेळण्याची सोय नव्हती, समोर कोणीतरी अनोळखी येत असे. ती सोय फिफा १९ मध्ये झाली आणि दादाने लगेच आव्हान दिले. त्याने युव्हेंटस घेतला, मी डॉर्टमुंड घेतला. ऐंशी मिनिटे उलटून गेली होती, मी १–२ ने मागे होतो, आणि पेनल्टी बॉक्सच्या अगदी कडेला मला फ्री किक मिळाली होती. मी नेम धरत असतानाच पडद्यावर संपर्क तुटल्याची सूचना आली.

दादाचा युक्तिवाद असा, की यंत्र बॅटरीवर चालते आणि घरी इन्व्हर्टर आहे, म्हणजे वीज गेली तरी स्विचही बंद पडत नाही आणि राउटरही बंद पडत नाही. मग सामना तुटला याचा अर्थ हरणाऱ्याने तो तोडला. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याची पेटी खांबावर आहे आणि तिला इन्व्हर्टर नाही. लोडशेडिंग झाले की घरातला राउटर हिरवा दिवा लावून बसतो, वायफायच्या कांड्याही पूर्ण दिसतात, आणि इंटरनेट मात्र गेलेले असते. हे पुण्याच्या सोसायटीत जनरेटरवर राहणाऱ्या माणसाला पटत नाही. बरे, स्विचवर मित्राला साधा लेखी निरोप पाठवण्याचीही सोय नाही, आणि बोलायचे असेल तर त्यासाठी फोनवर वेगळे ॲप घ्यावे लागते, त्यामुळे त्याच क्षणी खुलासा करणेही शक्य नव्हते. मी फोन लावला तर तो त्याने उचलला नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, आणि हिवाळ्यात मळ्यावर भरीत-पुरीची पार्टी असली की तिथेही, ‘याने वायर ओढली’ हा किस्सा सांगितला जातो. वायरलेस यंत्राची वायर कशी ओढतात, हे अजून एकानेही विचारलेले नाही.

दोष खेळाच्या रचनेतही आहे. संपर्क तुटला की तो वीज गेल्यामुळे तुटला की कोणी मुद्दाम तोडला, हे त्याला ओळखता येत नाही आणि संशय ज्याच्या बाजूचा संपर्क गेला त्याच्यावरच येतो. दुसरे असे, की इतर कन्सोलवरचे खेळाडू स्विचवाल्यांना मिळत नाहीत, म्हणून अनोळखी जोडीदार शोधायचा तर मुळात माणसे थोडी आणि त्यातली बरीच दूर देशांतली. बटण दाबल्यावर खेळाडू हलायला उशीर लागतो तो त्यामुळे. खेळाडूंची कार्डे जमवून आपला संघ बांधण्याचा अल्टिमेट टीम हा प्रकार तर एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरशी जोडल्याशिवाय उघडतच नाही, म्हणजे रेल्वेत किंवा शेतावर तो कुचकामी ठरतो. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून निंटेंडोने ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी लावली. फिफा २० पासून पुढे तर स्विचवर दर वर्षी ‘लेगसी एडिशन’ या नावाने नवे संघ आणि नवे गणवेश घातलेला जुनाच खेळ विकला गेला. फ्रॉस्टबाइट इंजिन स्विचवर यायला २०२३ चा ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ (याच मालिकेचा नव्या नावाचा खेळ) उजाडावा लागला.

तरीही ऑनलाइनचा हट्टच असेल तर कार्ट्रिजचे पैसे देण्यापूर्वी हा खेळ बनवणाऱ्या ईए कंपनीच्या संकेतस्थळावर बंद केलेल्या ऑनलाइन सेवांची यादी पाहा, कारण जुन्या खेळांचे सर्व्हर ती कंपनी काही वर्षांनी बंद करते आणि मग वर्गणी भरूनही उपयोग नसतो. विक्रेत्याचा स्विच आपल्या घरच्या वायफायला जोडून सेटिंग्जमधली इंटरनेटची चाचणी करा. तिथे नॅटचा प्रकार, म्हणजे आपले यंत्र बाहेरच्या यंत्रांशी किती सहज जोडले जाते याची श्रेणी, ए किंवा बी आला तर उत्तम. डी किंवा एफ आला तर बहुतेक मित्रांशी जोडणी होणारच नाही. लहान पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे गावाकडे हा प्रकार जास्त आढळतो. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून पाहा, काही जण थोडे जास्त पैसे घेऊन तो देतात. स्विच टीव्हीला जोडायच्या जुन्या डॉकला (बैठकीला) लॅनचे, म्हणजे इंटरनेटच्या वायरचे, तोंड नाही, त्यासाठी यूएसबी ॲडॅप्टर लागतो. २०२१ च्या ओलेड मॉडेलच्या डॉकला ते आहे. अर्थात डॉकला बसवल्यावर तो हातातला खेळ उरत नाही, आणि आपण तो हातात धरून खेळणार की टीव्हीला जोडून हे मला माहीत नाही. आपल्याकडे चांगले फायबर असेल आणि वीज फारशी जात नसेल तर माझे वरचे मत बरेच सौम्य करून वाचावे. जॉय-कॉनची स्टिक आपोआप सरकते का हेही तपासा, तो या यंत्राचा जगजाहीर रोग आहे.

आणि मित्रांशी खेळण्यापूर्वी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, की संपर्क तुटला तर सामना रद्द धरायचा आणि पुन्हा ०–० पासून खेळायचा, मग पुढे कोणीही असो. हा नियम मी दादाला सुचवला तेव्हा हरणाऱ्यालाच असे नियम सुचतात, असे तो म्हणाला. सामना संपलेलाच नव्हता, मग हरणारा कोण, आणि फ्री किक माझीच होती.