फोटोत न येणारा हिरवा

प्रश्न : ताई, मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झाडं-पानं बघितली की मन भरून येतं. खूप फोटो काढते, पण घरी येऊन त्यावरून रंगवलं की चित्र निर्जीव होतं, हिरवा तर भडकच दिसतो. वर्गात बाकीच्यांना सतत काही ना काही सुचत असतं. प्रेरणा येईपर्यंत मी थांबावं का?

उत्तर : अजिबात थांबू नकोस. मन भरून येतं, तिथेच चित्र सुरू झालेलं असतं. तू मात्र ते झाडापाशी सोडून फोटो तेवढा घरी आणतेस.

भर उन्हातल्या झाडाचा एखादा फोटो काढून बघ. कॅमेरा उजेड सांभाळतो आणि सावली काळी करून टाकतो. त्याच सावलीत डोळ्यांना जांभळट, निळसर, मातकट छटा दिसत असतात. त्या फोटोत नाहीत, मग तुझ्या चित्रात कुठून येणार?

हिरव्याचंही तसंच. पानामागे ऊन असेल तर ते आरपार येतं आणि पान पिवळसर उजळतं. त्याच फांदीवरच्या दुसऱ्या पानाच्या तकाकीत आकाश उतरतं, ते निळसर, जवळजवळ राखाडी दिसतं. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांमध्ये हा फरक टिपून ठेवला आहे. म्हणून ट्यूबमधला हिरवा थेट लावू नकोस. मी अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळते, उजळ पानांसाठी लेमन यलो घेते आणि हिरवा फार बोचायला लागला की कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी).

आणि लिही! माझ्या स्केचबुकात रेषांइतकीच अक्षरं असतात : ‘खोडाची डावी कड गरम, खालची पानं आकाशापेक्षा गडद.’ इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे कितीतरी अभ्यास रंगवले. त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. इतकं बारकाईने बघणाऱ्याला विषय शोधत फिरावं लागत नाही. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५०३चं जलरंगातलं चित्र तर नुसतं गवताचं ढेकूळ आहे. आपण जमिनीशी डोळे टेकवून बघतोय असं वाटतं, गवताची पाती आभाळात गेलेली दिसतात. मला ते अनेक भव्य निसर्गदृश्यांपेक्षा मोठं वाटतं.

वर्गातल्या मुलांचं राहू दे. तू एक फांदी निवड, अख्खं झाड नको. रोज साधारण त्याच वेळी तिच्यासमोर बस. आधी पेन्सिलने तळहाताएवढं स्केच कर, त्यात गडद, मध्यम आणि उजळ एवढंच ठरव. शेजारी रंगांच्या नोंदी कर. घरी आल्यावर त्या नोंदींवरून आणि आठवणीतून रंगव. फोटो अगदी शेवटी बघ, तोही एखादी फांदी कुठून फुटते एवढं तपासायला. बसायला सकाळचं किंवा उतरतं ऊन निवड. भर दुपारी सावल्या आखडतात आणि पानांचे आकार सपाट दिसतात.